दोर कोणी धरायचा

१२ फेब्रुवारी १९५६, आलापल्ली

रेंजरसाहेब अंदमानात नोकरी करून आले आहेत. आज डेपोत चहा पिताना त्यांनी तिथल्या समुद्राखालच्या पोवळ्याच्या खडकांबद्दल सांगितलं. तळाला काच लावलेली पेटी पाण्यावर धरून पाहायचं. खाली जंगल दिसतं. फांद्या, झुडपं, छत्र्या. पण ती झाडं नव्हेत. बारीक जीव एकमेकांच्या अंगावर घरं बांधत जातात आणि त्याचंच जंगल होतं. त्यात पिवळे-निळे मासे पाखरांसारखे फिरतात. परदेशात म्हणे माणसं पाठीला हवेची नळकांडी बांधून त्या जंगलात उतरतात.

मी दिवसभर सागाचे ओंडके मोजतो आणि त्यांच्यावर हातोड्याने शिक्के मारतो. माझ्यापर्यंत येतं ते जंगल आडवं असतं.

मे महिन्यात अंदमानचे एक साहेब माणसं निवडायला इकडे येणार आहेत. बेटांवर लाकूड मोजायला कारकून हवा आहे. रेंजरसाहेब म्हणाले, "एकच अट आहे. पाण्याला भिणारा चालत नाही. ते साहेब स्वतः नदीत उतरवून पाहतात."

मी येणार म्हणून सांगितलं.

मला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते. हे इथे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे तोंडाने कुणाला सांगायला नको.

१९ फेब्रुवारी

सायकलने अहेरीच्या घाटावर गेलो. प्राणहिता शांत होती. छातीपर्यंत उतरलो. पाय तळावर होते तोपर्यंत ठीक. पाय उचलले की मी दगड.

घाटावर झिंगू ढिवर जाळं सुकवत होता. म्हातारा आहे, नाव चालवतो. म्हणाला, "बाबू, तुमी पोहून नाई राह्यले. तुमी पान्याले मारून राह्यले."

परत येताना विचार केला. पाय तळावर असताना भीती वाटत नाही. मग तळावरच चालावं. फक्त डोक्याभोवती हवा हवी.

२६ फेब्रुवारी

रॉकेलचा रिकामा डबा उलटा डोक्यावर घालायचा. खांद्यांवर बसेल अशा खाचा कापायच्या. समोर काच. वरून रबरी नळीने हवा. नळी रोपवाटिकेत आहे. पंप ट्रकचा. डेपोचं लाकूड बल्लारशाहला नेणारा ड्रायव्हर सोमाजी पंप द्यायला लगेच तयार झाला. कशासाठी ते नंतर विचारलं.

माणसाला किती हवा लागते ते माहीत नव्हतं. सोमाजीची बहीण नीलाबाई अहेरीच्या दवाखान्यात नर्स आहेत. दोघं चामोर्शीची. दवाखान्यात जाऊन विचारलं.

"काऊन? कोनाले बुडवाचं हाय?" नीलाबाई म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. अंदमान, खडक, साहेब, डबा. त्या बाटल्या पुसत होत्या. मध्येच पुसायच्या थांबल्या.

"अन् पोहता येते का?"

इथे मी लिहून ठेवलं होतं की तोंडाने सांगायला नको. पण सांगितलं. त्या हसल्या नाहीत. नळी पंपाला कशी जोडणार, असं विचारलं. त्यांनी कपाटातून एक बारीक रबरी तुकडा काढला.

"एनिम्याची हाय. उकळून देतो. कोनाले सांगू नका."

४ मार्च

पहिली चाचणी फसली. गुडघाभर पाण्यातून पुढे सरकलो. डबा पाण्यात शिरेना. खाली दाबला की वर उसळी मारी. मी त्याच्याखाली लोंबकळत होतो. ओंडके फोडायच्या लोखंडी पाचरी त्याला बांधायला हव्यात.

दुसरं, मी काच डिंकाने बसवली होती. डेपोत चांगला डिंक असतो. पाण्यात तो विरघळला आणि काच नाकावर आली. काठावर नीलाबाई उभ्या होत्या. रविवार होता म्हणून आल्या असं म्हणाल्या.

"डिंक लाडवाले असते, बाबू. एवढं शिकले, बायकोच्या हातचा लाडू नाई खाल्ला का?"

"बायको नाही."

"हो का," त्या म्हणाल्या आणि सोमाजीवर ओरडल्या, की डबा नीट धर.

११ मार्च

काच लाखेने बसवली. लाख पळसाची, इथलीच. तापवून ओतली. आता थेंब जात नाही. बाकी सगळं तयार होतं. पाचरी बांधल्या, पंप लावला, कमरेला दोर बांधला. पण झिंगू नाव देईना.

"दोर कोन धरन?"

मी म्हटलं, तूच धर.

"मी कायले धरू? तुमचा साळा कुठी हाय?"

त्याच्या घराण्याचा नियम आहे. जाळं खडकात अडकलं की सोडवायला डोहात बुडी मारतात. बुडणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावाने धरायचा. भाऊ नाही, बाप नाही. साळा. झिंगू म्हणाला, "माह्या बापाचा दोर माह्या मामानं धरला. माहा दोर माह्या साळ्यानं. बहीन रांडावली तं तिले पोराबाळासकट घरी आनून पोसा लागते ना? म्हनून साळा झोपत नाई, बिडी पेत नाई, दोर सोडत नाई."

तर्क चोख आहे. पण मला साळा नाही, त्याला मी काय करणार. मी तसं म्हटलं.

सोमाजी टायरवर बसून बिडी ओढत होता. ती त्याने विझवली. "आन इकडं," तो म्हणाला. "मी धरतो."

झिंगूने सोमाजीकडे पाहिलं. मग नीलाबाईंकडे पाहिलं. त्या डब्याची काच पदराने पुसत होत्या. काच स्वच्छच होती.

"पक्कं?" झिंगूने विचारलं.

"धरला म्हनलं ना," सोमाजी म्हणाला.

झिंगूने एक अंडं आणि थोडी मोहाची दारू घाटालगतच्या डोहाला वाहिली आणि नाव सोडली. इतक्या सहज प्रश्न सुटेल असं वाटलं नव्हतं. सोमाजी दोरावर गेल्यामुळे पंपावर कोण, हा नवा प्रश्न आला. "मी हाय ना," नीलाबाई म्हणाल्या. वारा वाढल्यामुळे उतरणं मात्र पुढच्या रविवारवर गेलं.

१३ मार्च

सोमाजी मला भाऊजी म्हणू लागला आहे. आधी बाबू म्हणायचा. दिलदार माणूस.

१८ मार्च

उतरलो.

नावेला बांधलेल्या शिडीची पहिली पायरी, दुसरी. पाणी काचेवर चढलं. आता मरतो असं वाटलं. मग डोक्यावर फुस्स असा आवाज आला. परत फुस्स. हवा कोमट होती, रबराचा वास होता. डब्यातलं पाणी हनुवटीशी येऊन थांबलं. मी श्वास घेतला. आत काहीच घडलं नाही. श्वास नुसता झाला.

तळावर उभा राहिलो. सगळं हिरवं. ऊन वरून खाली येताना हलत होतं. माझे पाय मला दिसत होते आणि ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते. खडकावर शिंपले. एक शिंगाडा मासा मिशा हलवत पायाशी आला, त्याला मी आवडलो नाही, तो गेला.

वर आलो तेव्हा हसत होतो असं सांगतात. नीलाबाईंचे तळहात लाल झाले होते. मी त्यांना म्हणालो, तुमचा पंप फार एकसारखा चालतो.

"पंपाची तारीफ करून राह्यले," त्या सोमाजीला म्हणाल्या. "आयकलं?"

२९ मार्च

मी रुखमाबाईंकडे जेवतो. आज त्यांनी विचारलं, "क्वार्टर लहान तं नाई ना, बाबू?"

मी म्हटलं, अंदमानात मिळालं तर पुरेल.

"आता पुरन. पुढं?"

"पुढचं पुढे पाहू."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. ताटात जास्तीचे वडे वाढले. माझी निवड होणार अशी सगळ्यांनाच खात्री वाटते. मला नाही.

८ एप्रिल

पंपाचं चामड्याचं वॉशर उन्हाने सुकलं. तेल कुणी आणलं नव्हतं. झिंगूने डोहाला वाहून उरलेली दारू त्यावर ओतली. मला वर कुणी सांगितलं नाही. खाली मोहाचा घमघमाट सुटला. मला वाटलं रान फुललंय, त्याचाच वास असेल. मोहफुलांचे दिवस आहेत. तळ फार सुंदर दिसू लागला. एका शिंपल्याशी मी बराच वेळ बोललो.

वर आल्यावरही बोलत होतो. काय ते नीट आठवत नाही. सोमाजी म्हणतो, "भाऊजी, बह्यनीच्या डोळ्याबद्दल बोलले तुमी. डोहाएवढे म्हनले."

मी नीलाबाईंची माफी मागायला दवाखान्यात गेलो. त्या म्हणाल्या, "कायची माफी? डोह केवढा हाय थे तं सांगा." मी खोली सांगितली. दोन पुरुष पाणी.

त्यांनी कपाळाला हात लावला. उन्हाचा त्रास होत असावा.

१५ एप्रिल

चामोर्शीहून नीलाबाईंच्या आईने माझ्यासाठी नवा तांदूळ पाठवला आहे. सोबत जवसाची चटणी. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरने हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मी म्हटलं, अजून साहेब यायचे आहेत. तो म्हणाला, "साहेब कायले पाह्यजे त्याले?"

इकडच्या लोकांना परीक्षेचं महत्त्व कळत नाही.

आज मनात आलं, की तिकडे गेलो आणि सगळंच दुसरं निघालं तर? खडक पाहीन. संध्याकाळी कुणाला सांगीन? तिथेही लोक असतीलच. वही बंद केली. पुन्हा उघडून हे लिहिलं.

२२ एप्रिल

नीलाबाई बाळंतपणाला गेल्या होत्या. रात्रीच बैलगाडी आली होती त्यांना न्यायला. पंपावर कंपाउंडर बसला. दणकट माणूस आहे, हवा भरपूर येत होती. तरी मी तळावर टिकलो नाही. एक झटका, मग थांबा, मग दोन झटके. पहिल्या दिवसाची भीती परत आली, सबंध. मी दोर ओढला. सोमाजीने असा खेचला की शिडीवर माझी नडगी फुटली.

पंपात काही दोष असावा. वॉशर बदललं.

संध्याकाळी नीलाबाई परतल्या. डोळे लाल, पण खुशीत होत्या. मुलगी झाली होती, आडवी होती, वळवून काढली. मी म्हटलं, एकदा उतरून पाहू का, वॉशर तपासायचं आहे. त्या रात्रभर जाग्या होत्या. तरी आल्या.

पंप उत्तम चालला. तेव्हा दोष वॉशरचाच होता.

या खेपेला खडकाच्या पलीकडे गेलो. तिथे सागाचा एक जुना ओंडका रुतलेला आहे. त्याच्यावर शेवाळ, शेवाळात गोगलगायी, पोटाखाली माशांची पिल्लं. मोजायला हात वर गेला. सवय. मग नाही मोजलं. पोवळ्याचं जंगल याहून मोठं असेल, रंगीत असेल. पण सुरुवात अशीच झाली असेल. कुणीतरी तळाला जाऊन बसलं असेल आणि दुसऱ्याने त्याच्यावर घर केलं असेल.

हे वर येऊन नीलाबाईंना सांगितलं. त्या पंपाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सांगा अजून." मी सांगत राहिलो. थोड्या वेळाने पाहिलं तर त्या झोपल्या होत्या. मी बोलणं थांबवलं तर जाग्या झाल्या. म्हणून बोलत राहिलो.

६ मे

सगळं क्रमाने लिहितो.

साहेब सकाळी रेंजरसाहेबांबरोबर घाटावर आले. नाव डोहाच्या काठालाच बांधली होती. उंच, सावळे, हिंदी बोलणारे. डबा पाहून त्यांना हसू आलं. मग त्यांनी लाख नखाने तपासली, पाचरी उचलून पाहिल्या आणि हसणं थांबवलं. मी उतरलो. तळावरून एक शिंपला आणून त्यांच्या हातात ठेवला.

"बहुत अच्छा," साहेब म्हणाले. "एक बात और. हम अकेले आदमी को नहीं ले जाते. छह महीने में रोता है, वापस भेजना पड़ता है. बीवी साथ आएगी?"

झिंगूने नावेतून उत्तर दिलं. "अकेला कुठी हाय, साहेब? तो पाहा, साळा दोर धरून राह्यला."

साहेबांनी सोमाजीकडे पाहिलं. सोमाजीने सलाम केला. "ठीक है फिर," साहेब म्हणाले.

माझं काम झालं होतं. गप्प राहिलो असतो तर अंदमान माझं होतं. पण साहेबांची फसवणूक होत होती.

"साहेब," मी म्हटलं, "माझं लग्न झालेलं नाही. हा नुसता दोर धरायला साळा झाला आहे."

नदीचा आवाज यायला लागला.

"नुसता?" झिंगू म्हणाला. "नुसता साळा कसा होते, बाबू? घाटभर ठाऊक हाय. तुमाले काय वाटलं, हा पोरगा काय दोराचा शौकीन हाय?"

सोमाजी जमिनीकडे पाहत होता. तेव्हा माझ्या डोक्यात तांदूळ आला, वडे आले, कंपाउंडरचा हात आला. दोन महिने सगळं माझ्यासमोर होतं. मी काचेतून पाहत होतो, तरी.

मी नीलाबाईंकडे वळलो. त्या पंपापासून उठल्या होत्या. पदर कमरेला खोचला, कासोटा मारला.

"डबा द्या इकडं."

"नीलाबाई—"

"दोन महिने तुमाले हवा देऊन राह्यलो. खाली काय हाय थे एक दिवस मले पाहू द्या. मंग तुमी जा कुठी जाचं थे."

झिंगू गडबडला. "बाईचा दोर कोन धरते? बाई कधी उतरलीच नाई. नियमच नाई."

"मंग कोनी नका धरू," असं म्हणून त्या शिडीवर गेल्या. सोमाजीने धावत जाऊन दोर बांधला तेव्हा पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं. डबा खांद्यांवर बसला. काचेआड एकदा चेहरा दिसला, मग पाणी चढलं.

पंप माझ्याकडे होता.

दांडा वर, दांडा खाली. इतका जड असतो हे मला माहीत नव्हतं. पहिल्या काही झटक्यांतच खांदे भरून आले. एक झटका चुकला तर खाली काय होतं ते मला माहीत होतं. मी एकसारखा मारायचा प्रयत्न करत होतो. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात नव्हता. बुडबुडे वर येत होते. त्यांच्याकडे पाहत होतो. दुसरं काही दिसत नव्हतं. ती हे दर रविवारी करत होती, आणि वर आल्यावर मी तिला वॉशरबद्दल सांगत होतो.

बुडबुडे खडकाकडे सरकले. मग दिसेनासे झाले.

"खडकाआड गेली," सोमाजी म्हणाला. पण दोर आवळून धरला होता त्याने.

मी मारत राहिलो. बुडबुडे येईनात. पंप सोडून धावता येत नव्हतं, कारण धावलो तर हवा थांबली असती. म्हणून होतो तिथूनच ओरडलो. "नीला!" पाण्याखाली ऐकू येत नाही हे मला कुणापेक्षाही चांगलं ठाऊक आहे. तरी परत ओरडलो. रेंजरसाहेबांनी मान वळवली.

बुडबुडे खडकाच्या दुसऱ्या बाजूने आले. सावकाश, शिडीकडे.

डबा वर आला. सोमाजीने तो उचलून घेतला. तिचे केस कपाळाला चिकटले होते. ती धापा टाकत नव्हती. मी टाकत होतो.

"काय दिसलं?" मी विचारलं. दांडा अजून वरखाली करतच होतो. झिंगूने माझा हात धरून थांबवला.

"एक मरळ आली काचेशी," ती म्हणाली. "लय वेळ माह्या तोंडाकडे पाहून राह्यली. मले वाटलं, आता काही बोलन, मंग बोलन." तिने पदर पिळला. "नाई बोलली. निरा तुमच्यासारखी."

झिंगू हसला. सोमाजी हसला नाही, तो वाट पाहत होता.

मग मी बोललो. सगळ्यांसमोर. वाक्य नीट जुळलं नाही, मध्ये एकदा क्वार्टरचा उल्लेखही आला. पण विचारायचं ते विचारलं.

तिने मला उत्तर दिलं नाही. साहेबांकडे वळून म्हणाली, "वहाँ दवाखाना है क्या?"

"है," साहेब म्हणाले. "लेकिन नर्स टिकती नहीं."

"मी टिकतो," ती म्हणाली. "मंग येतो."

साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि मला माझं पूर्ण नाव विचारलं. ते आठवायला मला थोडा वेळ लागला.